दुसरा पट्टा

त्या हंसाच्या डोक्यामागचा दुसरा पट्टा अर्ध्यातच संपत होता. पहिला पट्टा नीट होता. एका डोळ्यामागून निघून डोक्यावरून दुसऱ्या डोळ्यापर्यंत गेलेला, बोटभर रुंद, काळाभोर. दुसरा त्याच्या खाली, मान सुरू होते तिथे, डावीकडून निघाला होता आणि मधोमध आल्यावर कुणीतरी हाक मारल्यासारखा थांबला होता. पुढे एक बारीकसा शिंतोडा होता, आणि मग नुसती करडी-पांढरी पिसं.

आप्पारावांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला, मफलरच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. पट्टा तेवढाच होता.

“दिसला?” उज्मा मॅडमनी मागून विचारलं.

“दिसला.”

“काय वाटतं?”

आप्पारावांना जे वाटत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. “लांब हाय, मॅडम,” ते म्हणाले.

नेकनूरकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आप्पाराव प्रयोगशाळा परिचर होते आणि उज्मा मॅडम जीवशास्त्र शिकवत. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी गावाबाहेरच्या तलावावर दोघं पाणपक्षी मोजायला येत, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. मॅडम मोजत, आप्पाराव वहीत रेघा ओढत. मॅडमचा स्वभाव असा की बेडकाला बेडूक म्हणण्याआधीही त्या त्याला एकदा उलटा करून बघत. वर्गात, स्टाफरूममध्ये, घरी, कुठेही त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं, “अजून नक्की सांगता येत नाही.” आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. म्हणून त्या सकाळी त्या थोड्या घाईनं बोलल्या तेव्हा आप्पारावांना भीतीच वाटली.

“आप्पाराव, हा संकर असू शकतो.”

“म्हंजे?”

“हे बाकीचे सगळे पट्टकादंब आहेत. हिमालयापलीकडून येतात, डोक्यामागं दोन काळे पट्टे. याच्या डोक्यालाही पट्टे आहेत. पण याची मान बघा किती जाड आहे. मागचा भाग किती जड. चोच नुसती नारिंगी, टोकाला काळं नाही. हे सगळं घरगुती हंसाचं. म्हणजे बाप एका जातीचा आणि आई दुसऱ्या जातीची.”

“खेचरासारखं.”

“अगदी तसंच.” मॅडम हसल्या. वहीत त्यांनी लिहिलं, ‘पट्टकादंब ३१२. संकर १’, आणि एकच्या पुढे नीट वळणदार प्रश्नचिन्ह काढलं.

तलावातून एक खणखणीत आवाज आला. काठावर आलेल्या कुत्र्यावर तो संकर मान लांब करून खेकसत होता. हा आवाज आप्पाराव गेली दोन वर्षं रोज पहाटे अंथरुणातून ऐकत आले होते.

तो भुऱ्या होता.

* * *

भुऱ्याची आणि त्याच्या पट्ट्यांची हकीकत साधी होती. दोन वर्षांपूर्वी आप्पारावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, आणि शेजारच्या सलिमाबींनी मिळून आठवडी बाजारातून हंसाची दोन पिल्लं आणली, एकीचा भुऱ्या, दुसरीचा बादशा. सापकिरडू आलं तर ओरडतात म्हणून. एकाच विणीतली ती पिल्लं मोठी झाल्यावर इतकी सारखी दिसायला लागली की भाकरी मनकर्णाबाईंची खायची आणि राखण सलिमाबींच्या अंगणाची करायची, असं कुठला हंस करतो ते ठरेना. दोन्ही अंगणांतून रोज एकच वाद ऐकू येई.

“मनकर्णा, तुझा भुऱ्या माझी जवारी खाऊन गेला बघ!”

“तो तुझाच बादशा असंल. माझा कावून यील तिकडं?”

मनकर्णाबाईंचं माहेर मेंढरांचं. त्यांच्या वडिलांच्या कळपाची खूण म्हणजे डोक्यामागं गेरूच्या दोन आडव्या रेघा. हजार मेंढरांत सोडलं तरी आपलं मेंढरू ओळखू यावं, यासाठी ती पिढ्यांपासून चालत आलेली. मनकर्णाबाईंनी भुऱ्याला तीच खूण केली. पण मेंढरू डुबक्या मारत नाही. गेरू पहिल्याच अंघोळीला गेला. मग डिसेंबरच्या अखेरीस एका दुपारी त्यांनी फळीवरच्या डब्यातून आप्पारावांच्या केसांच्या कलपाची पुडी काढली, वाटीत कालवली आणि जुन्या दातांच्या ब्रशनं कामाला लागल्या. पहिली रेघ छान आली. दुसरी निम्म्यावर आली असताना भुऱ्यानं मान वळवून त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कडकडून धरलं.

तिसऱ्या दिवशी भुऱ्या नाहीसा झाला. घरामागच्या ओढ्यानं चालत चालत तो तलावावर गेला असणार, आणि तिथे तीनशे पाहुणे बघून रमला असणार. पण हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. मनकर्णाबाईंनी दोन दिवस ओढ्याकाठी हाका मारल्या. मग त्यांना आठवलं, की भुऱ्या गेला त्याच दिवशी सलिमाबींकडे पाहुणे होते आणि मोठी दावत होती. तोंडानं त्या काही बोलल्या नाहीत. फक्त रोज सकाळी भिंतीवरून जाणारा ताकाचा तांब्या बंद झाला.

सलिमाबी गप्प बसणाऱ्या नव्हत्या. “अगं, दावतीत बोकड होता!” त्यांनी भिंतीपलीकडून सांगितलं. “तुझा तो हंस शिजवला असता तर पाहुण्यांचे दात पडले असते!”

आता प्रश्न असा, की तलावावर भुऱ्या दिसताच आप्पाराव हे सगळं मॅडमना का बोलले नाहीत. त्याचं उत्तर मफलरखाली होतं.

आप्पाराव सत्तावन्न वर्षांचे होते आणि त्यांच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता. याचं श्रेय ते त्यांच्या आईच्या तेलाला देत. आई चकलांब्याची, तिच्याकडे कुठल्याशा सात पाल्यांचं तेल होतं, असं ते अकरा वर्षांपूर्वी एकदा सहज बोलून गेले होते. लोकांनी ते मनावर घेतलं. मग बाटल्या द्याव्या लागल्या. प्राचार्य सोमनाथ सर तर दोन वर्षं निष्ठेनं ते तेल लावत होते आणि दर महिन्याला आरशात बघून आप्पारावांना बोलावून घेत होते.

“काही फरक दिसत नाही हो, आप्पाराव.”

“सर, तुमी संध्याकाळचं दही खाता का?”

“खातो ना.”

“मग त्येच की.”

तेल खोबऱ्याचं होतं. वास यावा म्हणून त्यात कापूर असे. कलपाची पुडी आप्पाराव गावात कधी घेत नसत. महिन्यातून एकदा एसटीनं बीडला जात, ओळखीच्या दुकानापासून चार गल्ल्या लांब जाऊन घेत आणि पँटच्या आतल्या खिशातून आणत. हे बंद करायचं त्यांनी पुष्कळदा ठरवलं होतं. मुलीचं लग्न झालं की, नातवाचं बारसं झालं की, असं करत करत आता ते ‘रिटायर झालो की’वर येऊन थांबले होते. “कधी बंद करणार?” मनकर्णाबाई विचारत. “बघू,” आप्पाराव म्हणत.

या महिन्याची अर्धी पुडी भुऱ्याच्या डोक्यावर गेली आणि उरलेली वरच्या केसांनाच पुरली, त्यामुळे आप्पारावांच्या मानेवरचे केस तसेच पांढरे राहिले होते. म्हणून मफलर. म्हणजे हंसाचे पट्टे कशाचे हे सांगायचं, तर पुडी कुणाची हेही सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की सोमनाथ सरांची दोन वर्षं, दह्यासकट, आप्पारावांच्या अंगावर येणार.

‘तीनशे बारात एक,’ त्यांनी मनाशी म्हटलं. ‘आन् पुढं प्रश्नचिन्ह हाय. कोण बघतंय?’

* * *

प्रश्नचिन्ह विजयसिंह साहेबांनी काढून टाकलं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून विजयसिंह साहेब पक्ष्यांचे फोटो काढत. त्यांच्याकडे हातभर लांबीची लेन्स होती आणि मतांना तोटा नव्हता. मॅडमनी त्यांना फक्त एक चांगला फोटो काढून द्याल का, असं विचारलं होतं. त्यांनी फोटो काढला आणि स्थानिक पेपरला बातमीही दिली, ‘उज्मा मॅडम यांनी शोधला दुर्मीळ संकर हंस’.

“मी ‘असू शकतो’ म्हटलं होतं,” मॅडम स्टाफरूममध्ये पेपर हातात धरून म्हणाल्या.

“मॅडम, प्रश्नचिन्ह असलेली बातमी कुणी छापत नाही,” विजयसिंह साहेब म्हणाले. “आणि शंका कसली? पट्टे डोळ्यांना दिसतायत.”

“दुसरा अर्धाच का आहे?”

“आईकडून एक, बापाकडून अर्धा.”

“कळप उडतो तेव्हा हा उडत का नाही?”

“संकराच्या पंखात ताकद कमी.”

“माणसं आली की हा ओरडत काठाकडे येतो. जंगली पक्षी लांब जातात.”

“स्वभाव!” साहेब म्हणाले. “मिश्र रक्ताचा स्वभाव कधी सांगता येतो का?”

मॅडमनी तीनही उत्तरं वहीत लिहून घेतली आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढलं. आप्पाराव कोपऱ्यात चहाचे कप गोळा करत होते. त्यांनी साहेबांचा अर्धा भरलेला कपही उचलला.

बुधवारच्या सकाळपर्यंत तलावावर वर्दळ सुरू झाली. शाळेच्या सहली आल्या. नेकनूरच्या स्टँडवरून रिक्षा लागल्या. सरपंचांनी बोर्ड लावायचं मनावर घेतलं. आप्पारावांनी ठरवलं, की कुणाला कळायच्या आत भुऱ्याला घरी न्यायचं आणि तो ओढ्यात सापडला म्हणून सांगायचं. पाहुणा हंस आला तसा गेला, एवढंच लोक म्हणतील.

गुरुवारी सकाळी सात वाजता ते बाजरीची भाकरी खिशात घालून तलावावर गेले. काठावर चिटपाखरू नव्हतं. कळप हरभऱ्याच्या रानात चरायला गेला होता आणि उडता येत नसल्यामुळे भुऱ्या एकटाच पाण्यात होता.

“भुऱ्या, ये ये ये.”

भुऱ्यानं मान वर केली. मग पंख पसरून, पाणी तुडवत, गावाला जाग येईल असा ओरडत तो आला. भाकरी त्यानं दोन घासांत संपवली. आप्पाराव त्याला काखेत घ्यायला वाकले, तसा त्यानं त्यांच्या मफलरचं टोक चोचीत धरलं आणि ओढलं. मफलर सुटून त्याच्या चोचीत गेला.

“हलू नका!” बाभळीमागून आवाज आला. “आप्पाराव, अजिबात हलू नका!”

विजयसिंह साहेब सहा वाजल्यापासून तिथे बसले होते. लेन्स दहा-बारा वेळा खटखटली. भुऱ्या त्या आवाजाला बुजून मफलर टाकून पाण्यात गेला.

शनिवारच्या पेपरात तो फोटो चार कॉलम आला, ‘अनोळखी हंसाची आप्पारावांशी जमली गट्टी’. सोमनाथ सरांनी तो कापून नोटीस बोर्डावर लावला. फोटोत आप्पाराव पाठमोरे होते. पेपरच्या छपाईत मानेचा भाग नुसता काळपट आला होता. देवानं एवढी लाज राखली, असं त्यांना वाटलं.

* * *

पुढच्या आठवड्यात आप्पारावांनी मॅडमना सांगायचा प्रयत्न केला. कारण आता विजयसिंह साहेबांनी पक्ष्यांविषयीच्या एका अखिल भारतीय नियतकालिकासाठी टिपण तयार केलं होतं. पहिलं नाव मॅडमचं होतं आणि रविवारी त्यांची त्यावर सही व्हायची होती. एका दुपारी साहेब ते वाचून दाखवत असताना आप्पारावांच्या कानावर “देशभरातले तज्ज्ञ” हे शब्द पडले. ज्या बाईनं नऊ वर्षांत एक टिटवी चुकीची लिहिली नव्हती, तिच्या नावावर आपल्या बायकोच्या मेंढरांची खूण देशभर जाणार होती.

प्रयोगशाळेत मॅडम एकट्याच होत्या. संगणकावर साहेबांचा मूळ रंगीत फोटो मोठा करून बघत होत्या. आप्पाराव परीक्षानळ्या धूत धूत जवळ सरकले.

“मॅडम, समजा हं. समजा एखाद्यानं हंसाला रंग लावला.”

मॅडमनी मान वर केली नाही. “हंसाला रंग कोण लावेल?”

“न्हाई, समजा.”

“पाण्यात किती दिवस टिकेल?”

“गेरू न्हाई टिकत. एका डुबकीत जातो. पन चांगल्या कंपनीचा काळा असला तर तीन-चार हप्ते...” आप्पाराव थांबले.

“बरीच माहिती आहे तुम्हाला,” मॅडम म्हणाल्या आणि वळून त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिल्या. वाट बघितल्यासारख्या.

आप्पारावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून सोमनाथ सर आत आले. त्यांच्या हातात रिकामी बाटली होती.

“आप्पाराव! दही सोडून पंधरा दिवस झाले. इकडे कानावर बघा, काळं दिसतंय ना? खरं सांगा!”

आप्पारावांनी बघितलं. तिथे काळं काही नव्हतं. पण सरांचा चेहरा इतका आशेनं भरलेला होता, की त्यांच्या तोंडून निघालं, “दिसतंय की, सर.”

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

घरीही काही बरं चाललं नव्हतं. मनकर्णाबाईंना खरं सांगितलं असतं तर त्या तशाच उठून तलावावर गेल्या असत्या आणि साऱ्या सहलींसमोर भुऱ्याला काखेत मारून, “ह्यांचाच कलप लावलाय,” असं सांगत घरी आल्या असत्या. म्हणून आप्पाराव त्यांनाही बोलले नव्हते. तलावावर कुठलासा परदेशी हंस आलाय, एवढंच त्यांच्या कानावर होतं. मनकर्णाबाई रोज संध्याकाळी भाकरीचा एक तुकडा हंसाच्या रिकाम्या टोपल्याजवळ ठेवत आणि सकाळी मुंग्यांसकट उचलत. बोटावरची जखम भरत आली होती. त्या ते बोट अधूनमधून नुसतं चोळत बसत. ताकाचा तांब्या फळीवर पालथा होता.

‘रविवारी सही झाली की संपलं,’ आप्पाराव स्वतःला सांगत. पण काय संपलं, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

* * *

रविवारी तलावावर शंभर-सव्वाशे माणसं जमली. विजयसिंह साहेबांनी घडीचं टेबल आणलं होतं. त्यावर टिपण आणि टिपणावर पेन. एकदा शेवटचं बघून मॅडमनी सही करायची, असं ठरलं होतं. सोमनाथ सर पहिल्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या डोक्याला कापराचा वास येत होता. आप्पाराव मफलर गच्च आवळून दुर्बिणीच्या तिकाटण्याजवळ उभे होते.

“मॅडम, या. सही,” विजयसिंह साहेब म्हणाले.

“कुणाला काही सांगायचं आहे का?” मॅडमनी विचारलं. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, आणि शेवटी आप्पारावांकडे.

आप्पारावांनी खाली बघितलं.

तेवढ्यात बांधावरून सलिमाबी येताना दिसल्या. एका हातात आठवड्यापूर्वीचा पेपर, त्यावर तेलाचे डाग, आणि दुसऱ्या हातात मनकर्णाबाईंचं मनगट.

“चल म्हंते ना! नाष्टा बांधून आला ह्या कागदात, म्हणून दिसला. बघ, बघ हा तुझा मुर्दा! पेपरात आलाय, फोटू काढून! आन् मी खाल्ला म्हणं!”

मनकर्णाबाई काठावर येऊन थांबल्या. पाण्यात तीनशे हंस होते. त्यांनी हाक मारली नाही, हातही हलवला नाही. तरी कळपातून एक मान वर झाली. मग पंख फडफडले आणि पाणी कापत, ओरडत, कर्णा वाजल्यासारखा भुऱ्या आला. बाकीचा कळप घाबरून एकदम उठला आणि डोक्यांवरून निघून गेला. भुऱ्या बांध चढून मनकर्णाबाईंपाशी आला, त्यांच्या पदराचं टोक त्यानं चोचीत धरलं आणि तिथेच बसकण मारली.

सगळ्यांच्या माना त्या पदराकडे वळल्या.

“मावशी,” विजयसिंह साहेबांनी सावकाश विचारलं, “हा हंस तुमच्या ओळखीचा आहे का?”

मनकर्णाबाईंनी भुऱ्याच्या डोक्यावरच्या दोन रेघा बघितल्या. टेबल बघितलं, पेन बघितलं. खुर्चीतले सोमनाथ सर बघितले. मग नवऱ्याकडे बघितलं. आप्पाराव दोन्ही हातांनी मफलर धरून उभे होते. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या चेहऱ्यावरचं एवढं तर त्यांना वाचता येत होतं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “आमचा न्हाई हा.”

“या अल्ला!” सलिमाबी ओरडल्या. “अगं तुझाच हाय की! पदर धरून बसलाय!”

“असंल कुणाचा तरी. भुका असंल.”

“मग माझ्यावर तीन हप्ते तोंड फुगवून कावून बसलीस? ताक कावून बंद केलंस माझं? तुझा न्हाई, तर तुझा कुठं हाय? सांग ना! माझ्या पोटात?”

पदर सोडवून घेण्यासाठी मनकर्णाबाईंनी हात खाली नेला. भुऱ्यानं पदर सोडला, आणि त्यांचं पहिलं बोट, जखमेचं, चोचीत अगदी हलकेच धरलं. त्यांचा हात तसाच राहिला. तोंड त्यांनी दुसरीकडे वळवलं.

आप्पारावांनी ते बघितलं. त्यांनी मफलरची गाठ सोडली. मग दुसरा वेढा. मग मफलर काढून दुर्बिणीच्या तिकाटण्यावर टाकला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. कानाच्या पातळीपर्यंत काळेभोर केस होते. त्याखाली चार बोटं, पांढरेशुभ्र.

“मॅडम, तो भुऱ्या हाय. आमचाच हाय,” ते तलावाकडे तोंड करून म्हणाले. “पट्टे कलपाचे हायत. हिच्या माहेरच्या मेंढरांची खूण हाय ती. पुडी माझी व्हती. तिला चावला म्हणून दुसरा अर्धा ऱ्हायला. पुडी एकच व्हती म्हणून माझंबी अर्धं ऱ्हायलं.”

गर्दीत मागे कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. विजयसिंह साहेबांनी टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलं. सोमनाथ सर खुर्चीतून हळूहळू उठले.

“आप्पाराव,” ते म्हणाले, “मग ते तेल?”

“खोबऱ्याचं हाय, सर.”

“आणि दही?”

“खावा, सर. लागंल तेवढं.”

सरांनी स्वतःच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, हाताचा वास घेतला आणि परत खाली बसले.

उज्मा मॅडम पुढे आल्या. त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली. ‘संकर १?’ च्या खाली बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. पहिली शक्यता, संकर. दुसरी, पिसांतला दोष. तिसरी, रंग. तिसरीच्या पुढे एक तारीख होती आणि एक वाक्य: ‘गुरुवारच्या फोटोत पट्ट्याची कड तांबूस, त्याच फोटोत आ. यांच्या मानेवरच्या केसांची कड तशीच तांबूस.’

“मॅडम! तुम्हाला माहीत होतं?” विजयसिंह साहेब म्हणाले.

“शंका होती. फोटो तुमचाच, फार स्पष्ट आलाय.” मॅडमनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. “पण दुसऱ्याच्या डोक्याकडे बोट करून आपणच कसं सांगायचं? सही मी आज करणारच नव्हते. ज्याचं त्यानं सांगितलं, की नोंद पक्की होते.”

त्यांनी ‘संकर १?’ हे एका सरळ रेघेनं खोडलं. खाली लिहिलं, ‘घरगुती हंस, नर, १. नाव भुऱ्या.’ या वेळी प्रश्नचिन्ह काढलं नाही. मग त्या आप्पारावांना म्हणाल्या, “पुढच्या जानेवारीत रेघा तुम्हीच ओढायच्या आहेत.”

“ताक,” सलिमाबींनी मधूनच आठवण केली.

“उद्या दोन तांबे देते, बाई,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “एक मागचा.”

“एक? एकवीस झाले!”

मनकर्णाबाईंनी भुऱ्याला उचलून काखेत घेतलं. तीन आठवडे फुकट हरभरा खाऊन तो चांगला जड झाला होता. लोक पांगायला लागले. बांधावरून उतरताना त्या नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

“कावून सांगितलंत? सलिमाला मी घरी नेऊन समजावलं असतं. आन् ह्याला काय, अंधार पडल्यावर कोणाला तरी धाडून आणला असता.” त्यांनी आजूबाजूला बघून आवाज आणखी उतरवला. “तुमची एक पुडी हाय की अजून. भावजयीनं बीडवरनं आणून दिली काल. फळीवर, मिठाच्या मागं ठेवलीय.”

आप्पाराव थांबले. त्यांनी भुऱ्याच्या मानेवरून बोट फिरवलं. पूर्ण पट्ट्यावरून, मग अर्ध्यावरून, जिथे तो संपत होता तिथपर्यंत. भुऱ्या चावला नाही.

“ती ह्याला लाव,” ते म्हणाले. “दुसरा पट्टा पुरा कर त्याचा, आपली खूण पुरी दिसंल. न्हाईतर पुन्हा कुनीतरी मोजंल.”

“आन् तुमी?”

बांधावरचे लोक अजून ऐकू येण्याच्या अंतरावर होते. सोमनाथ सर तर चार पावलांवर होते. आप्पारावांनी मफलर खांद्यावर टाकला, गळ्यात घातला नाही, आणि वर्गात हजेरी द्यावी तशा खड्या आवाजात म्हणाले, “माझं आजपास्नं बंद.”